मोटारसायकल, मोबाईल आणि कान

आखाजी (अक्षय्य तृतीया), पाडवा किंवा दसरा जवळ आला की जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या दुचाकी शोरूममध्ये गर्दी होते, आणि तेथे मायलेज, हप्ता व विमा यांच्या बरोबरीने आता ‘कनेक्टिव्हिटी’, म्हणजे मोबाईल गाडीशी जोडण्याची सोय, हा शब्दही ग्राहकाच्या कानावर पडतो. मीटरवर फोन करणाऱ्याचे नाव येईल, रस्ता दिसेल, गाणी बदलता येतील, असे विक्रेता सांगतो. ग्राहक मान डोलावतो, त्या मॉडेलसाठी जास्तीचे पैसे मोजतो आणि घरी आल्यावर त्याला प्रश्न पडतो की गाडीतून आवाज का येत नाही. दुसरीकडे, ज्यांच्या गाडीत यांपैकी काहीच नाही असे कितीतरी लोक हेल्मेट आणि गाल यांच्यामध्ये मोबाईल खोचून, मान तिरकी करून, एरंडोल-पारोळा रस्त्यावर बोलत चाललेले दिसतात. या दोन्ही प्रकारच्या चालकांनी हे तंत्रज्ञान आतून कसे चालते ते एकदा समजून घेतलेले बरे, कारण ते आपले हात मोकळे करते, पण लक्ष मोकळे करत नाही, आणि सगळा घोळ या दोहोंत गल्लत केल्याने होतो.

मीटरमध्ये ब्लूटूथ आहे, म्हणजे नेमके काय आहे?

ब्लूटूथ म्हणजे थोड्या अंतरावर, तारेशिवाय, रेडिओलहरींनी माहिती पोहोचवण्याची पद्धत. या लहरी २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात असतात आणि घरातील वायफायसुद्धा बहुधा याच पट्ट्यात चालते. एवढ्या गर्दीत एकाचे बोलणे दुसऱ्यात मिसळू नये म्हणून आवाज वाहून नेणारे नेहमीचे ब्लूटूथ या पट्ट्याचे ७९ भाग करते आणि सेकंदाला १६०० वेळा एका भागातून दुसऱ्या भागात उडी घेते. उड्यांचा क्रम फक्त एकमेकांशी जोडलेल्या दोन उपकरणांना माहीत असतो. त्यामुळे सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या दुचाकीवाल्याचे गाणे आपल्या कानात येत नाही.

गाडीच्या मीटरमध्ये मात्र बहुधा ब्लूटूथचा दुसरा, अगदी कमी वीज खाणारा प्रकार वापरलेला असतो. त्याच्यावरून फोनकडून मीटरकडे जाते ती माहिती फारच थोडी असते: डावा की उजवा बाण, वळणापर्यंतचे अंतर, फोन करणाऱ्याचे नाव, मोबाईलची उरलेली बॅटरी. भारतात ही सोय स्कूटरवर ठळकपणे आली ती २०१८ साली टीव्हीएसच्या एनटॉर्कबरोबर, आणि रॉयल एनफिल्डने २०२० साली मिटिऑर ३५० वर केवळ बाण दाखवणारी लहान गोल तबकडी दिली. या मीटरमध्ये नकाशा नसतो आणि स्पीकरही नसतो. रस्ता शोधण्याचे सगळे काम खिशातला मोबाईल करतो आणि उत्तर तेवढे मीटरला कळवतो. म्हणून ‘गाडीतून आवाज येत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा बिघाडाची नसते. आवाज हवा असेल तर तो कानाजवळच्या उपकरणातूनच येणार, म्हणजे हेल्मेटमध्ये बसवलेल्या स्पीकरमधून किंवा इअरफोनमधून.

दुसरी सर्वसामान्य तक्रार अशी की बाण दोन-तीन किलोमीटर नीट दिसतो आणि मग नाहीसा होतो. मीटरशी बोलण्याचे काम कंपनीचे ॲप करत असते, आणि मोबाईल खिशात गेल्यावर, पडदा बंद झाल्यावर, बॅटरी वाचवण्यासाठी अनेक फोन अशी मागे चालणारी ॲप बंद करून टाकतात. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपपुरती बॅटरी-बचत बंद केली की हा प्रश्न बहुधा सुटतो, आणि त्यासाठी सर्व्हिस सेंटरच्या चकरा मारण्याचे कारण उरत नाही. मात्र त्याच वेळी हेही पाहावे की हे ॲप आपल्याकडे काय काय मागते. मीटरवर नाव दिसण्यासाठी त्याला मोबाईलवर येणाऱ्या सूचना (नोटिफिकेशन) वाचण्याची परवानगी लागते, आणि ती एकदा दिली की बँकेचा ओटीपीही त्याच वाटेने वाचता येतो. परवानगी द्यायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. शोरूममधल्या मुलाने आपला फोन हातात घेऊन सगळीकडे ‘हो’ दाबून देणे मला मुळीच पसंत नाही.

गाणे चालू असताना फोन आला की गाणे का थांबते, आणि आवाज पातळ का होतो?

फोन आणि हेल्मेटमधले उपकरण यांच्यात आवाजाच्या दोन वेगळ्या जोडण्या असतात. एक गाण्यासाठी: आवाज फोनकडून कानाकडे, एकाच दिशेने जातो, पण तो भरगच्च असतो, कारण गाण्याच्या आवाजाचे सेकंदाला साधारण ४४,१०० नमुने, म्हणजे क्षणाक्षणाची मोजमापे, घेतलेले असतात. दुसरी बोलण्यासाठी: आवाज एकाच वेळी दोन्ही दिशांना, आणि तोही उशीर न होता जावा लागतो, म्हणून त्याची प्रत कमी ठेवली जाते. जुन्या उपकरणांत सेकंदाला ८,००० आणि त्यानंतरच्या अनेकांत १६,००० नमुने असतात. रावेर-यावलच्या केळीबागेत एकाच मोटारीवर दोन वाफ्यांचे ठिबक असले की शेतकरी एका वाफ्याचा कॉक बंद करून दुसऱ्याचा उघडतो, कारण दोन्हींना पुरेसा दाब मिळत नाही. फोन आला की उपकरण हेच करते, गाण्याचा कॉक बंद आणि बोलण्याचा सुरू. बोलणे संपल्यावर गाणे परत सुरू होण्यास एखादा क्षण लागतो तो या अदलाबदलीचा.

आवाज तुटक येण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते फार कमी लोकांना ठाऊक असते. आपल्या शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. हेल्मेटवरील उपकरण बहुधा डाव्या बाजूला असते, आणि मोबाईल उजव्या मागच्या खिशात. म्हणजे मध्ये संपूर्ण माणूस येतो. मोबाईल डाव्या बाजूच्या वरच्या खिशात ठेवून पाहावा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते.

तोरणमाळला नेटवर्क नसते, मग रस्ता कसा दिसणार?

जागा शोधणे आणि नकाशा दाखवणे ही दोन निराळी कामे आहेत. जागा शोधण्यासाठी मोबाईल सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांचे संदेश फक्त ऐकतो. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की त्यांना पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून तो स्वतःची जागा काढतो. यासाठी सिमकार्ड लागत नाही की डेटाही लागत नाही. नकाशा मात्र इंटरनेटवरून येतो. त्यामुळे शहाद्याहून तोरणमाळकडे किंवा धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला निघण्याआधी त्या भागाचा नकाशा घरीच उतरवून ठेवला, तर सातपुड्यात नेटवर्क गेले तरी बाण चालू राहतो. वाहतुकीची कोंडी तेवढी कळत नाही, आणि पहिल्यांदा जागा सापडण्यास थोडा जास्त वेळ लागतो, कारण उपग्रह कोठे आहेत हे एरवी मोबाईल नेटवर्ककडून चटकन विचारून घेतो.

या बाणावर किती विसंबावे, यालाही मर्यादा आहे. उघड्या आकाशाखाली साध्या मोबाईलची जागा सुमारे पाच मीटरच्या आत बरोबर असते. उड्डाणपूल आणि त्याला खेटून जाणारा सर्व्हिस रोड यांतील फरक ओळखण्यास ते पुरत नाही. धुळ्याच्या भोवती सुरत-नागपूर, इंदूर आणि नाशिककडचे महामार्ग एकमेकांना छेदतात. अशा ठिकाणी मीटरवरचा बाण आणि रस्त्यावरची पाटी यांत मतभेद झाला तर पाटीवर विश्वास ठेवावा.

वाऱ्यात आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो वाढवला तर काय बिघडले?

ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या पुढे गेल्यावर हेल्मेटभोवती घोंघावणाऱ्या वाऱ्याचा आवाज इंजिनाच्या आवाजापेक्षा मोठा होतो, आणि ताशी शंभरच्या आसपास हेल्मेटच्या आत तो शंभर डेसिबलच्या जवळ पोहोचतो. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतील ‘नायोश’ या संस्थेने केलेली शिफारस अशी आहे की ८५ डेसिबलमध्ये आठ तास, आणि तेथून दर तीन डेसिबलमागे मुदत निम्मी. या हिशेबाने ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे येतात. जळगाव ते धुळे हे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. जो माणूस हा चौपदरी रस्ता रोज वेगात कापतो, त्याच्या कानाचा कोटा गाणे लावण्याआधीच वारा संपवत असतो. त्यावर मात करण्यासाठी गाण्याचा आवाज वाढवला तर दोन्ही आवाज कानावर पडतात, आणि ऐकण्याची हानी वेदना न होता, हळूहळू होते. कानात सतत बारीक शीळ ऐकू येऊ लागेपर्यंत ती लक्षातही येत नाही.

म्हणून पहिला उपाय आवाज वाढवण्याचा नसून वेग थोडा कमी करण्याचा आणि हेल्मेट नीट बसणारे घेण्याचा आहे. सैल हेल्मेटमध्ये हनुवटीखालून वारा शिरतो आणि काच अर्धवट उघडी ठेवली तर आणखी घोंगावतो. गाणे किंवा सूचना ताशी पन्नासच्या वेगाला ऐकू येईल एवढ्यावरच आवाज ठेवावा. त्यापुढे ऐकू येईनासे झाले तर तो वेग कमी करण्याचा इशारा समजावा, आवाज वाढवण्याचा नव्हे.

कान गच्च बंद करणारे इअरबड हा त्याहून वाईट पर्याय. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न त्यांत दबतो, हेल्मेट चढवताना ते हमखास निसटतात, आणि पडल्यास कानाच्या आत टणक वस्तू दाबली जाते. हेल्मेटच्या आतील कानाच्या खळगीत बसणारे चपटे स्पीकर कान उघडे ठेवतात, म्हणून तेच बरे. मात्र खळगी पुरेशी खोल नाही म्हणून आतला थर्माकोल कापू नये आणि बाहेरच्या कवचाला भोक तर मुळीच पाडू नये. अपघातात धक्का शोषून घेण्याचे काम तो थर्माकोलच करतो. १ जून २०२१ पासून देशात फक्त आयएसआय खुणेची हेल्मेट विकण्यास परवानगी आहे, आणि ती खूण ‘आयएस ४१५१’ या मानकानुसार तपासलेल्या, न कापलेल्या हेल्मेटला मिळालेली असते.

हात मोकळे आहेत, डोळे रस्त्यावर आहेत, मग बोलण्यात धोका कसला?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्यावर थोडे थांबले पाहिजे. मोटारसायकलवर उजव्या हाताकडे ॲक्सिलेटर आणि पुढचा ब्रेक, डाव्या हाताकडे क्लच, आणि शिवाय दोन चाकांवरचा तोल असतो. त्यामुळे मोबाईल हातात धरणे धोक्याचे आहे हे कोणालाही पटते. हेल्मेटमधील उपकरणाने ही अडचण खरोखर दूर होते. परंतु बोलण्याचा भार हातांवर नसतोच. समोरच्याचे वाक्य समजून घेणे, उत्तर जुळवणे, न दिसणाऱ्या माणसाचा रोख ओळखणे, हे सगळे मेंदूचे तेच लक्ष वापरते ज्याने रस्त्यावर पुढे काय घडू शकते याचा अंदाज बांधायचा असतो.

अमेरिकेतील युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर बसवून हँड्सफ्री फोनवर बोलायला लावले होते. त्यांची नजर कोठे जाते हे यंत्राने टिपले. रस्त्याकडेच्या फलकांवर त्यांची नजर पडलेली होती, तरीही नंतर विचारल्यावर ते फलक त्यांना न बोलणाऱ्यांच्या मानाने खूपच कमी ओळखता आले. म्हणजे डोळ्यांनी पाहिले, पण मनाने नोंदवले नाही. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की वाहन चालवताना मोबाईल वापरणाऱ्याला अपघाताची शक्यता सुमारे चौपट असते आणि हँड्सफ्री फोन हातातल्या फोनपेक्षा फारसा सुरक्षित नाही.

यावर लोक म्हणतात की मग मागे बसलेल्या माणसाशीही बोलू नये काय? फरक असा की मागचा माणूस तोच रस्ता पाहत असतो. सावदा-फैजपूर रस्त्यावर केळीने भरलेला ट्रक अचानक शेतातून बाहेर आला, तर तो आपोआप गप्प होतो किंवा ‘अरे, पाहा’ म्हणून ओरडतो. पुण्यात बसलेल्या भावाला तो ट्रक दिसत नाही, आणि तो जमिनीच्या वाटणीचा विषय त्याच क्षणी पुढे रेटत राहतो. मागे माणूस असेल आणि नकाशा त्याच्या हाती दिला, तर तोच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला नेव्हिगेटर आहे, याची आठवण कोणताही विक्रेता करून देणार नाही.

वाचणे हे बोलण्यापेक्षाही वाईट. ताशी ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. मीटरवर आलेले नाव वाचून ‘हा आता कशाला फोन करतोय’ एवढा विचार करण्यात दोन सेकंद गेले, तर ३३ मीटर रस्ता न पाहता कापला गेलेला असतो. मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली त्याहून कमी अंतरावर असू शकते. माझ्या मते मीटरवर नाव दाखवण्याची सोय ही या सगळ्यातली सर्वांत निरुपयोगी सोय आहे, आणि ती बंद करता येते.

त्या मानाने ‘तीनशे मीटरनंतर डावीकडे’ ही कानात आलेली सूचना निरुपद्रवी आहे. ती छोटी असते, उत्तर मागत नाही आणि रस्त्याविषयीच असते. नकाशाचा पडदा पाहण्यापेक्षा ती ऐकणे नक्कीच बरे.

इंटरकॉम तर बोलण्यासाठीच असतो!

गटाने फिरायला जाणारे तरुण इंटरकॉम, म्हणजे एका हेल्मेटमधून दुसऱ्या हेल्मेटमध्ये बोलण्याचे उपकरण, घेतात. त्याचे दोन प्रकार आहेत. साध्या ब्लूटूथ इंटरकॉममध्ये पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी अशी साखळी असते आणि मधला मागे पडला की साखळी तुटते. ‘मेश’ प्रकारात प्रत्येक उपकरण आवाक्यातल्या सर्वांशी जोडलेले असते, आणि एक वाट तुटली की दुसरी आपोआप सापडते. खोक्यावर लिहिलेला पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. चाळीसगावहून कन्नडकडे जाणाऱ्या घाटात किंवा कोंडाईबारीच्या वळणांवर मध्ये डोंगर आला की तो पुष्कळच घटतो. गटातील सर्वजण एकाच रस्त्यावर असल्याने ‘खड्डा आहे’, ‘समोरून बस’ असे बोलणे उपयोगाचेच ठरते. पण गप्पा सुरू झाल्या की तो इंटरकॉमही फोनच होतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने, वाहन चालवताना हातात धरलेले संपर्क-उपकरण वापरणे हे सिग्नल तोडणे आणि उलट्या दिशेने वाहन चालवणे यांच्या रांगेत, धोकादायक वाहनचालनाचा प्रकार म्हणून नोंदवले गेले. पहिल्या गुन्ह्यासाठी एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी असे उपकरण केवळ रस्ता शोधण्यासाठी, आणि तेही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने वापरण्यास मोकळीक दिली. हेल्मेटमध्ये खोचलेला मोबाईल ‘हातात’ नाही, असा युक्तिवाद काही जण हवालदारासमोर करतात. परंतु कलम १८४ चा मूळ आधार लोकांना धोका होईल असे वाहन चालवणे हा आहे, त्यामुळे या शब्दच्छलावर फार भिस्त ठेवू नये.

मोबाईल हँडलवर लावावा की खिशात ठेवावा?

खान्देशात याचे उत्तर ऋतूवर अवलंबून आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो, आणि ॲपल आपले आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा असे सांगते. भर उन्हात हँडलवर लावलेला फोन त्याहून कितीतरी जास्त तापतो, पडदा मंद होतो, चार्जिंग थांबते आणि शेवटी फोन काही काळ बंदच पडतो. पावसाळ्यात पडद्यावर पडलेले थेंब बोटांसारखे ओळखले जाऊन नको ते बटण दाबले जाते. शिवाय कंपनांचा प्रश्न आहे. ताकदवान इंजिनांच्या हँडलवर लावलेल्या फोनच्या कॅमेऱ्यातील नाजूक भाग कंपनांमुळे बिघडू शकतात, असा इशारा ॲपलनेच सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता. म्हणून फोन खिशात, बाण मीटरवर आणि सूचना कानात ही मांडणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. मीटर साधे असेल तर केवळ कानातल्या सूचनेवरही काम भागते.

घरून तातडीचा फोन आला तर?

हा प्रश्न आईवडील गावी असलेल्या प्रत्येकाच्या मनात असतो आणि त्याच भीतीने लोक चालत्या गाडीवर फोन घेतात. त्यासाठी मोबाईलमध्येच सोय आहे. निघण्यापूर्वी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून त्यात एकाच व्यक्तीने थोड्या वेळात पुन्हा फोन केल्यास तो वाजू द्यावा, हा पर्याय सुरू ठेवावा. जोडीला संदेशांना ‘गाडीवर आहे, पोहोचल्यावर फोन करतो’ असे उत्तर आपोआप जाईल अशीही व्यवस्था अनेक फोनमध्ये करता येते. घरच्यांना एकदाच सांगून ठेवायचे की साधे काम असेल तर एकदा फोन करा, आणि खरोखर घाई असेल तर लगेच दुसऱ्यांदा करा. मग पहिला फोन वाजत नाही. दुसरा वाजला की इंडिकेटर देऊन गाडी डांबराच्या खाली, पेट्रोल पंपावर किंवा धाब्यासमोर घ्यायची, हेल्मेट काढायचे आणि उभे राहून बोलायचे.